चंदेरी : तळी, टेकड्या आणि बाजारपेठ

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत चंदेरीची ओळख गावापेक्षा साडीमुळेच आधी होते. शहराच्या लष्कर या भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ज्येष्ठ बायका फिकट रंगाची, बारीक जरीकाठाची चंदेरी नेसतात, कारण चैत्राच्या उन्हात शालू किंवा पैठणी अंगावर सोसवत नाही. शिंदेशाही पगडीलाही चंदेरीचेच कापड लागते. तरीही ज्या गावाने हे कापड दिले ते प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आमच्या ओळखीत फार थोडी आहेत. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आम्ही त्यांना किल्ला, गुजरी महाल आणि जयविलास राजवाडा दाखवतो, फार तर झाशी-ओरछा सुचवतो, आणि चंदेरीचे नाव फक्त खरेदीच्या यादीत राहते. यंदा दसरा झाल्यावर आत्याला सोबत घेऊन मी तिथे जाऊन आले. हे गाव आधी बाजारपेठ म्हणून पाहावे, मग पाण्यासाठी पाहावे आणि त्यानंतर मागाच्या घरात शिरावे, असे मला मनापासून वाटते, कारण या क्रमाने पाहिल्याशिवाय ती साडी तिथेच का विणली गेली हे उमगत नाही.

ग्वाल्हेरहून मुंबईकडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावर झाशीनंतर ललितपूर लागते. तिथे उतरून चंदेरीपर्यंतचे सुमारे चाळीस किलोमीटर मोटारीने जावे लागतात. ललितपूर उत्तर प्रदेशात आणि चंदेरी मध्य प्रदेशाच्या अशोकनगर जिल्ह्यात असल्यामुळे मध्ये राज्याची सीमा येते, आणि ती सीमा म्हणजे बेतवा नदी. राजघाट धरणामुळे इथे बेतवेचे विस्तीर्ण जलाशयात रूपांतर झाले आहे आणि त्या जलाशयाला राणी लक्ष्मीबाईंचे नाव दिले आहे. फुलबागेतल्या राणीच्या समाधीसमोरून रोज जाणाऱ्या ग्वाल्हेरकराला ते नाव वाटेत वाचताना काय वाटते, हे वेगळे सांगायला नको. पाऊस नुकताच सरलेला असल्यामुळे पाणी काठोकाठ होते आणि पलीकडे विंध्याच्या बुटक्या, सपाट माथ्याच्या टेकड्या हिरव्या दिसत होत्या. या टेकड्या हिमालयासारख्या धाक घालत नाहीत. त्या गावाला तीन-चार बाजूंनी वेढून बसल्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या खोलगट जागेत, किल्ल्याच्या पायथ्याशी, चंदेरी वसली आहे.

जुनी वस्ती मुळात इथली नव्हे. इथून अठरा-एकोणीस किलोमीटरवर बुढी चंदेरी आहे, जिथे प्रतिहारकालीन मंदिरांचे अवशेष रानात पडून आहेत. अकराव्या शतकात राजा कीर्तिपालाने आताच्या जागी राजधानी आणली असे मानले जाते. जागेची निवड किती विचारपूर्वक होती ते नकाशा समोर ठेवला की कळते. दिल्ली-ग्वाल्हेरकडून माळव्यात, गुजरातच्या बंदरांकडे किंवा दख्खनेत उतरणाऱ्या तांड्यांना विंध्याच्या या खिंडी ओलांडाव्याच लागत. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२च्या सुमारास याच वाटेने गेला. चंदेरी हे मोठे शहर असून त्याचे बाजार गजबजलेले आहेत असे त्याने लिहून ठेवले आहे, आणि इथून तो धार, उज्जैन करत आपल्या दौलताबादेला पोहोचला. पुढे अकबराच्या काळात अबुल फझलने चंदेरीची जी नोंद केली तिच्यात १४,००० दगडी घरे, ३८४ बाजार, ३६० सराया आणि १२,००० मशिदी असे आकडे आहेत. हे आकडे फुगवलेले आहेत असे मला वाटते, विशेषतः शेवटचा. मात्र त्यांतले सरायांचे प्रमाण बोलके आहे. ज्या गावात घरांच्या मानाने इतक्या धर्मशाळा मोजल्या गेल्या, ते गाव वाटसरूंवर आणि व्यापाऱ्यांवर जगत होते, एवढे तरी त्यातून निश्चित समजते.

या वाहत्या रस्त्याची सर्वांत ठळक खूण म्हणजे गावाच्या दक्षिणेची कटी घाटी. बुंदेलखंडातून माळव्यात शिरण्याच्या वाटेवर एक अख्खी टेकडी आडवी आली होती, म्हणून ती कापून काढली आणि मधोमध त्याच खडकातून कमानदार दरवाजा कोरून ठेवला. कापलेली खिंड सुमारे ८० फूट उंच आणि ३९ फूट रुंद आहे. तिथल्या शिलालेखात माळव्याचा सुलतान गियासशाह याच्या कारकिर्दीत, चंदेरीचा सुभेदार शेरखान याचा मुलगा जिमनखान याने १४९० मध्ये हे काम करवल्याची नोंद आहे. गावात मात्र वेगळी कथा सांगतात. सुलतान येणार असल्याची वर्दी आली, एका रात्रीत दरवाजा हवा असा हुकूम सुटला, कारागिराने तो पुराही केला. पण दरवाज्याला फळ्या बसवायची सोयच नाही म्हणून मेहनताना नाकारला गेला आणि कारागिराने जीव दिला. कथेची सत्यता कोण पडताळणार, पण दरवाज्याला बिजागऱ्यांची सोय खरोखरच नाही, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर छिन्नीचे आडवे घाव आजही स्पष्ट दिसतात. मी बराच वेळ तिथे उभी राहिले, ती त्या घावांकडे पाहत. एवढा खडक फोडण्याचा खर्च कोणी हौसेने करत नाही. त्या वाटेने येणाऱ्या बैलांच्या पाठीवर जकात भरून निघेल असा माल होता, म्हणूनच तो झाला.

आता पाण्याविषयी. १५२८च्या जानेवारीत बाबर चंदेरीवर चालून आला आणि त्याने आपल्या आत्मवृत्तात या जागेचे जे वर्णन केले ते मला इथल्या कोणत्याही माहितीफलकापेक्षा उपयोगी वाटले. त्याच्या लिहिण्याप्रमाणे किल्ल्यासमोर पूर्वीच्या अधिकाऱ्यांनी बांध घालून केलेली तीन मोठी तळी होती. गावातली सगळी घरे दगडाची, थोरामोठ्यांची नक्षीकाम केलेली आणि गोरगरिबांची साधी, आणि छपरांवर कौलांऐवजी दगडी फरश्या. तीन कोसांवरच्या बेतवेचे पाणी पिण्यास उत्तम असल्याची ख्याती हिंदुस्थानभर असल्याचेही तो लिहितो. जवळपास पाचशे वर्षांनी त्या गल्ल्यांतून चालताना फरश्यांची छपरे आजही दिसतात आणि तळीही दिसतात. टेकड्यांवरून उतरणारे पावसाचे पाणी ठिकठिकाणी अडवून साठवायचे, आणि ते जिरून विहिरींना आणि बावड्यांना (पायऱ्यांच्या विहिरींना) वर्षभर पाझर राहील असे पाहायचे, अशी ही सगळी व्यवस्था होती. मोठी नदी कोसांवर असताना डोंगरातले गाव हजारो माणसे, बैल आणि उंट यांना पाणी पाजू शकले ते या बांधांमुळे.

बत्तीसी बावडी हा त्या व्यवस्थेचा सर्वांत देखणा भाग आहे. १४८५ मध्ये बांधलेली ही चौकोनी बावडी बाजूला सुमारे ६० फूट आहे आणि पायऱ्यांनी चार टप्प्यांत खाली उतरते. प्रत्येक टप्प्यावर आठ घाट, म्हणून एकूण बत्तीस. आम्ही गेलो तेव्हा पावसामुळे खालचे टप्पे पाण्यात होते, आणि आत्याने पायऱ्या उतरण्याचा हट्ट धरला नाही हे बरे झाले, कारण शेवाळ फार होते. परमेश्वर तलावाचे रूप वेगळे आहे. त्याच्या काठी लक्ष्मणाचे मंदिर आहे, जवळच बुंदेला राजा भारतशाह याची छत्री, म्हणजे स्मारक, आणि थोड्या अंतरावर शहजादीचा रोझा, म्हणजे कबरीवरची इमारत, आहे. गावातल्या बायका सकाळी तिथे पूजेला येतात, त्यामुळे ते तळे अजून गावाच्या रोजच्या व्यवहारात आहे. महजातिया तलावाच्या काठी बुंदेला राजा दुर्जनसिंह याने १६९८ मध्ये बांधलेला रामनगरचा महाल आहे. तिथल्या सज्जातून समोरचे पाणी आणि मागची टेकडी एकाच नजरेत येते. चंदेरीत एकच संध्याकाळ मोकळी असेल तर ती इथे घालवावी असे मी सांगेन.

सदर बाजार आज एका मध्यम तालुक्याच्या गावाचा बाजार आहे. एकेकाळी त्याच्यातून दख्खनेचा माल जात असे याची कल्पना करायला थोडे कष्ट पडतात. मात्र कापडाच्या पेढ्यांवर बसण्याची पद्धत जुनीच आहे. पांढऱ्या गाद्यांवर बसायचे, चहा येतो, मग दुकानदार घड्या उलगडत जातो आणि गिऱ्हाईक उठेपर्यंत भावाचा विषय काढत नाही. बाहेर हातगाड्यांवर तळ्यांतले ताजे शिंगाडे आणि टेकड्यांवरची सीताफळे होती. आम्ही दोघी आपसात मराठीत बोलत होतो, तेवढ्यावरून एका म्हाताऱ्या दुकानदाराने ओळखले आणि विचारले की, ग्वालियरहून आलात की इंदूरहून. मराठी बोलणारे गिऱ्हाईक म्हणजे काठ रुंद मागणार, रंग उजळ मागणार आणि साडीची लांबी मोजून घेणार, हे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ठरलेले आहे असे ते म्हणाले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे आणि नागपूर इथल्या मराठी राजघराण्यांत आणि सरदारांकडे चंदेरीचे कापड जात असे, त्याची ही उरलेली ओळख असावी.

इमारतींपैकी कोशक महालासाठी वेळ काढावाच. गावाबाहेर चार किलोमीटरवर फतेहाबादेत माळव्याचा सुलतान महमूद खिलजी याने १४४५ मध्ये तो बांधायला घेतला. जौनपूरच्या शर्की सुलतानाबरोबरच्या लढाईनंतर विजयाची खूण म्हणून सात मजले चढवण्याचा बेत होता असे म्हणतात. आज तीन पूर्ण मजले आणि चौथ्याचा काही भाग उभा आहे. महालाची रचना अगदी साधी आणि त्यामुळेच विलक्षण आहे. मध्ये एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन उंच कमानदार रस्ते, आणि त्यांनी पाडलेले इमारतीचे चार सारखे भाग. मधल्या छेदावर उभे राहून वर पाहिले तर छप्पर नाही, चारी बाजूंना कमानींवर कमानी आहेत आणि वर मोकळे आकाश आहे. आतल्या भिंतींवर नक्षी जवळजवळ नाहीच, सगळे सौंदर्य प्रमाणबद्धतेचे आहे. बादल महाल दरवाजा, म्हणजे ज्याच्या मागे कोणताही महाल उरलेला नाही अशी ती उंच जोडकमान, चंदेरीच्या प्रत्येक छायाचित्रात असते. मला ती सुरेख वाटली, पण कोशक महालाची सर तिला नाही. जामा मशिदीच्या छज्जाखालचे नागमोडी दगडी आधार आणि चौबीसी जैन मंदिरातल्या, प्रत्येक तीर्थंकराच्या शास्त्रोक्त वर्णाच्या दगडात घडवलेल्या चोवीस मूर्ती अवश्य पाहाव्यात. खंदारगिरीच्या कड्यात कोरलेली ऋषभनाथांची ४५ फुटी मूर्ती पाहायची तर सकाळी जावे.

किल्ल्यावर चढताना मन हलके राहत नाही. बाबराने चंदेरीचा राजपूत राजा मेदिनीराय याला चंदेरीच्या बदल्यात शमसाबाद देऊ केले होते, त्याने नकार दिला, आणि २९ जानेवारी १५२८ रोजी किल्ला पडला. त्या दिवशी आतल्या राजपूत स्त्रियांनी जोहार केला. किल्ल्यावर जोहाराचे स्मारक आहे, जवळच गायक बैजू बावराची समाधी म्हणून दाखवतात ती जागा आहे. ग्वाल्हेरच्या माणसाला बैजूचे नाव मानसिंह तोमराच्या दरबाराशी जोडून ऐकायची सवय असते, त्यामुळे तिथे हात आपोआप जोडले जातात. वरून मात्र गावाची रचना जशी उमगते तशी खालून कुठेच नाही. टेकड्यांची कडी, तिच्या पोटात दगडी छपरांची दाटी, आणि मध्ये-मध्ये चमकणारी तळी. बाजार कुठे बसवायचा आणि पाणी कुठे अडवायचे हे ठरवणाऱ्याने बहुधा इथेच उभे राहून ठरवले असणार.

विणकराच्या घरी जाण्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. गल्लीतून चालताना मागाचा ठोका ऐकू येतो, दाराशी उभे राहून विचारले की आत बोलावतात. आम्ही गेलो ते घर अन्सारी कुटुंबाचे होते. चंदेरीत अन्सारी आणि कोळी असे दोन्ही समाज विणतात, आणि ही परंपरा शेकडो वर्षांची आहे. माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेला. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर असतात. सुरुवातीला इथे फक्त सुती मलमल होत असे, तेही इतक्या बारीक हातसुताचे की ओलावा टिकून धागा तुटू नये म्हणून ते तळघरांत विणत. पाणी धरून ठेवणाऱ्या या दगडी गावात असली तळघरे सहज मिळत, हे त्या घरात बसल्यावर माझ्या ध्यानात आले. सुताला खळ देण्यासाठी इथे कोळीकांदा नावाचा रानकांदा वापरत. तो या टेकड्यांवरच मिळे. १९३०च्या दशकात जपानी रेशीम आले आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, सुताऐवजी रेशीम लागू लागले. आजची चंदेरी म्हणजे बहुतेक वेळा रेशमी ताणा आणि सुती बाणा, म्हणजे आडवे धागे. हे रेशीम त्याचा नैसर्गिक डिंक न काढताच वापरतात, आणि या कापडाची चमक, त्याचा किंचित कडकपणा आणि पारदर्शकता या तिन्हींचे मूळ तिथे आहे.

बुट्टी, म्हणजे कापडावरची छोटी नक्षी, कशी उमटते ते आत्याला पाहायचे होते. घरातल्या सुनेने धोटा, म्हणजे बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारे साधन, थांबवून, जिथे जिथे बुट्टी येणार तिथे तिथे टांगलेल्या छोट्या तिल्ल्यांपैकी (धागा गुंडाळलेल्या नळ्यांपैकी) एकेक उचलली आणि तिच्यावरचा जरीचा धागा ताण्याच्या मोजक्या धाग्यांखालून ओवून पुन्हा जागेवर ठेवला. आडव्या ओळीत जितक्या बुट्ट्या तितक्या तिल्ल्या. मग एकदा धोटा जातो, एकदा धागा ठोकून बसवणारा हत्था आपटतो, आणि पुन्हा पहिल्या तिल्लीपासून सुरुवात. जरी एका बुट्टीतून दुसरीकडे उलट बाजूने ओढत नेलेली नसते, म्हणून खऱ्या चंदेरीची उलटी बाजू स्वच्छ असते आणि कुठे कापलेले धागे लोंबत नाहीत. अशर्फी, पान, केरी आणि ईंट ही बुट्ट्यांची नावे ती विणता विणताच सांगत होती. आत्याने विचारले, “चाचा, पूर्वी आमच्याकडे दोन्ही काठ दोन रंगांचे आणि इतके घट्ट असायचे, ते आता का दिसत नाहीत?” त्यावर म्हाताऱ्या विणकराचा चेहरा उजळला. ते काम नालफेरमा नावाच्या जुन्या विणीचे. त्याला एका मागावर शेजारी-शेजारी दोन माणसे बसत, काठाचा धोटा वेगळा आणि अंगाचा वेगळा, आणि दोघांचा हात एका लयीत पडावा लागे. दोरी ओढून धावणारा धोटा आला तेव्हा एकट्याने साडी विणता येऊ लागली, मजुरी दोघांत वाटण्याची गरज उरली नाही, आणि नालफेरमा विणणारी घरे कमी होत गेली. “दो आदमी की रोटी कौन देगा,” एवढेच ते शेवटी म्हणाले.

हे ऐकताना मला आमच्या संस्थानाचा इतिहास आठवत होता. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास लष्कर वसवले आणि १८११ मध्ये त्यांचा सेनापती जाँ बाप्तिस्त फिलोज याने बुंदेल्यांकडून चंदेरी जिंकून घेतली. १८४४ मध्ये ती इंग्रजांकडे गेली, सत्तावनच्या उठावात बंडवाल्यांनी घेतली, १८५८च्या मार्चमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेने पुन्हा घेतली आणि काही वर्षांत ती शिंद्यांच्या ताब्यात परत आली. पडत्या काळात १९१० मध्ये संस्थानाने इथे विणकामाच्या शिक्षणाचे केंद्र काढले. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी इथल्या वास्तूंची निगा राखली आणि चंदेरीविषयी लिहूनही ठेवले. गुजरी महालातले संग्रहालयही त्यांच्याच काळातले. एका मराठी माणसाने इतक्या निष्ठेने जपलेल्या या गावाविषयी आज ग्वाल्हेरच्या मराठी मंडळांत एखादे व्याख्यानसुद्धा होत नाही, याची मला खंत वाटते. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत एक संध्याकाळ चंदेरीसाठी ठेवणे मुळीच कठीण नाही.

खरेदीबद्दल थोडे. यंत्रमागावर विणलेले कापड चंदेरी म्हणून शहरांत सर्रास विकले जाते आणि त्याची किंमत हातमागाच्या निम्म्याहूनही कमी असते, त्यामुळे विणकराला भाव उतरवावा लागतो. चंदेरी साडीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले तरी ते चिन्ह मागून घेणारे गिऱ्हाईक नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. उलटी बाजू पाहावी, हातमागाचे चिन्ह मागावे आणि शक्य असेल तर विणकराच्याच घरून घ्यावे. आत्याने घेतलेली साडी मोतिया रंगाची, अशर्फी बुट्टीची आहे. सांगितलेल्या किमतीत तिने एक रुपयाही कमी करायला सांगितले नाही.

जाण्यासाठी सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. त्यातही पाऊस संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे तळी भरलेली असतात. उन्हाळ्यात दगड फार तापतो आणि बावड्यांचे पाणी तळाशी जाते. मुक्काम करावाच, कारण ललितपूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला किल्ला आणि बाजार एवढेच मिळते. प्राणपूर हे विणकरांचे खेडे चंदेरीपासून जवळच आहे. बुढी चंदेरीसाठी मात्र अर्धा दिवस वेगळा ठेवावा, सोबत पाणी आणि स्थानिक वाटाड्या घ्यावा, आणि उन्हे उतरण्याआधी रानातून बाहेर पडावे.